भाजीत सुई खुपसली, आकडा आला. पण मोजलं नेमकं काय? नायट्रेट मोजण्याच्या पद्धतींमधला फरक समजून घ्या

रील साधारण अशी असते. बाजारातून आणलेली काकडी किंवा टोमॅटो टेबलावर ठेवलेला. हातात मोबाइलएवढं एक यंत्र, त्याच्या टोकाला बारीक सुई. सुई भाजीत खुपसली जाते, दोन-तीन सेकंदांत स्क्रीन लाल होते आणि एक आकडा झळकतो. खाली मजकूर: 'बघा, आपण काय खातोय!' पुढे कमेंटमध्ये शेतकऱ्यांना शिव्या, भाजीवाल्यांवर संशय आणि 'लिंक पाठवा' अशी मागणी.

हे यंत्र 'नायट्रेट टेस्टर' म्हणून ऑनलाइन विकलं जातं. भाजीत नायट्रेट असतं हे खरं. ते मोजता येतं हेही खरं. प्रश्न एवढाच, की हे यंत्र ते मोजतं का?

नायट्रेट म्हणजे काय आणि ते भाजीत येतं कुठून?

नायट्रेट हा नत्र आणि प्राणवायूचा आयन. झाडं जमिनीतून नत्र मुख्यतः याच रूपात घेतात. युरिया टाकला, शेणखत टाकलं किंवा गांडूळखत टाकलं, तरी जमिनीतले जिवाणू त्यातला बराच नत्र शेवटी नायट्रेटमध्येच बदलतात. त्यामुळे सेंद्रिय भाजीतही नायट्रेट असतं.

झाड हे नायट्रेट पानांत नेतं आणि सूर्यप्रकाशाच्या मदतीने त्यापासून प्रथिनं बनवतं. खत भरपूर आणि ऊन कमी असेल, तर नायट्रेट वापरलं न जाता साठून राहतं. म्हणून ढगाळ हवेत, सावलीत किंवा पॉलिहाऊसमध्ये वाढलेल्या पालेभाजीत ते जास्त सापडतं. पालक, लेट्यूस, बीट, मुळा ही मंडळी नायट्रेट साठवण्यात पुढे. टोमॅटोत ते सहसा किलोला 100 मिलिग्रॅमच्याही आत असतं. एकाच जुडीतसुद्धा देठात जास्त आणि पानाच्या पात्यात कमी असतं. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुईवालं यंत्र नक्की काय मोजतं?

घरी आरओ बसवायला आलेला माणूस पाण्यात टीडीएस मीटर बुडवून दाखवतो, ते आठवा. भाजीत खुपसायचं यंत्र हा त्याच मीटरचा भाऊ आहे. दोन्हींत विजेचा लहानसा प्रवाह सोडला जातो आणि तो किती सहज वाहतो, हे पाहिलं जातं. याला विद्युतवाहकता म्हणतात. पाण्यात किंवा रसात विरघळलेले क्षार जितके जास्त, तितकी वाहकता जास्त.

अडचण अशी, की वाहकतेला आयनाचं नाव कळत नाही. प्रवाह पोटॅशियममुळे वाहिला, क्लोराइडमुळे, मॅग्नेशियममुळे की नायट्रेटमुळे, हे सुईला सांगता येत नाही. आणि भाजीच्या रसात पोटॅशियम प्रचंड असतं.

थोडा हिशेब करू. कच्च्या बटाट्यात किलोला साधारण 4,200 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. नायट्रेट 150 ते 200 मिलिग्रॅमच्या घरात धरा. वजन सोडून आयनांची संख्या मोजली, तर एका नायट्रेट आयनामागे सुमारे 40 पोटॅशियम आयन येतात. म्हणजे बटाट्यात सुई खुपसून आलेला आकडा मुख्यतः पोटॅशियम आणि त्याच्या जोडीदार आयनांचा असतो, ज्या पोटॅशियमसाठी डॉक्टर आपल्याला फळं-भाज्या खायला सांगतात! पालकात नायट्रेटचा वाटा बराच मोठा असतो, एका नायट्रेटमागे चारेक पोटॅशियम. त्यामुळे पालेभाज्यांत वाहकता आणि नायट्रेट यांचं थोडंफार नातं दिसू शकतं. पण 'थोडंफार नातं' म्हणजे मोजमाप नव्हे.

मग यंत्र नायट्रेटचा आकडा देतं कसं? आधी मेनूतून तुम्ही भाजी निवडता: काकडी, गाजर, कोबी. वाहकतेवरून नायट्रेटचा अंदाज बांधणारं गणित आणि त्या भाजीसाठी 'धोक्याची' म्हणून ठरवलेली पातळी यंत्रात आधीच भरलेली असते. म्हणजे जे मोजलेलं नाही, ते गृहीत धरलेलं असतं.

त्यात आपल्या घरातल्या सवयींची भर पडते. कीटकनाशकं निघावीत म्हणून अनेक घरांत भाजी मिठाच्या पाण्यात भिजत ठेवतात. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड, दोन्ही वीज उत्तम वाहून नेणारे. ते सुईच्या वाटेत आले, की आकडा वाढणार आणि भाजी बदनाम होणार. तापमानाचंही तसंच. द्रावणाची वाहकता दर अंशाला साधारण 2 टक्क्यांनी वाढते. यंत्रात तापमानाची दुरुस्ती नसेल, तर फ्रिजमधून काढलेली काकडी आणि स्वयंपाकघरात 30 अंशांवर पडलेली तीच काकडी यांच्या आकड्यांत निम्म्याने फरक पडू शकतो. शहाळ्याच्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवला, तर आकडा हजारांत जातो. म्हणून कोणी शहाळं दूषित ठरवत नाही.

खरी पद्धत कोणती?

गंमत म्हणजे प्रयोगशाळेतली एक अतिशय विश्वासार्ह पद्धतही शेवटी वाहकताच मोजते. तिचं नाव आयन क्रोमॅटोग्राफी. फरक एका पायरीचा आहे.

भाजी बारीक करून गरम पाण्यात तिच्यातलं नायट्रेट उतरवतात, अर्क गाळतात आणि एका बारीक नळीतून, म्हणजे कॉलममधून, सोडतात. कॉलममधला पदार्थ प्रत्येक आयनाला वेगवेगळ्या जोराने धरून ठेवतो. क्लोराइड आधी बाहेर पडतं, नायट्रेट त्यानंतर, सल्फेट आणखी उशिरा. दाराशी बसलेला वाहकतेचा डिटेक्टर प्रत्येकाला वेगळा मोजतो. सुईवालं यंत्र बंद सभागृहाबाहेर उभं राहून गलक्यावरून आत कोण बोलतंय ते सांगू पाहतं; इथे एकेकाला रांगेने बाहेर बोलावून विचारलं जातं.

याचीच बहीण म्हणजे एचपीएलसी. तिथेही कॉलम असतो, फक्त शेवटी वाहकतेऐवजी नायट्रेट अतिनील प्रकाश किती शोषतं हे पाहतात. भाज्यांतल्या नायट्रेटसाठी युरोपात जी प्रमाणित पद्धत आहे, ती याच कुळातली. यंत्रं महाग, चालवायला प्रशिक्षित माणूस हवा आणि नमुना तयार करायलाच वेळ जातो. रीलमध्ये दाखवण्यासारखं यात काहीच नाही.

जुनी आणि स्वस्त वाट रंगाची. पीटर ग्रीस नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने 1879 मध्ये नायट्राइट ओळखायची एक युक्ती मांडली: दोन रसायनं घाला, नायट्राइट असेल तर गुलाबी-जांभळा रंग येतो आणि प्रमाण वाढेल तसा तो गडद होतो. हे गृहस्थ इंग्लंडमधल्या एका बिअरच्या कारखान्यात नोकरीला होते. त्यांची ही अभिक्रिया आजही जगभर वापरात आहे. फक्त ती नायट्राइट पकडते, नायट्रेट नव्हे. त्यामुळे आधी नायट्रेटमधला प्राणवायूचा एक अणू काढून त्याचं नायट्राइट करावं लागतं. यासाठी प्रयोगशाळेत कॅडमियम वापरतात. ते स्वतः विषारी असल्याने अलीकडे त्याऐवजी विकर किंवा व्हॅनेडियमचे क्षार वापरण्याकडे कल आहे. ही पद्धत अचूक आहे, पण नायट्रेट पूर्णपणे बदललं गेलं नाही तर उत्तर कमी येतं. भाजीत मुळात नायट्राइट असेल, तर ते आधी वेगळं मोजून वजा करावं लागतं.

आणखी एक पद्धत सॅलिसिलिक अॅसिडची, 1975 साली प्रसिद्ध झालेली. तीव्र गंधकाम्लात नायट्रेट आणि सॅलिसिलिक अॅसिड यांचा संयोग होतो, मग द्रावण अल्कधर्मी केलं की पिवळा रंग येतो. कॅडमियम नको, महाग यंत्र नको. वनस्पतींवरच्या संशोधनात ती भरपूर वापरली गेली आहे. कमी नायट्रेट असलेल्या भाजीत तिची पकड ढिली पडते, पण पालकासारख्या भाजीसाठी ती कामाची आहे.

घरी किंवा शेतावर करता येईल असं काहीच नाही का?

आहे. दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही सुईपेक्षा बऱ्या.

पहिली, कागदी पट्टी. तिच्यावर ग्रीसचीच रसायनं वाळवलेली असतात. भाजीचा रस काढायचा, पट्टी बुडवायची, मिनिटभराने रंग डबीवरच्या तक्त्याशी जुळवायचा. पट्टी नायट्रेट आणि नायट्राइट सोडून इतर क्षारांना सहसा दाद देत नाही, हा तिचा मोठा गुण. मर्यादाही आहेत. बहुतेक पट्ट्यांचा तक्ता लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंतच जातो. पालकाचा रस त्याच्या कितीतरी वर असतो, म्हणून तो मोजून दहापट वगैरे पातळ करावा लागतो आणि आलेला आकडा तितक्याने गुणावा लागतो. बीटाच्या रसात तर गुलाबी रंग मुळातच हजर! शिवाय रंग डोळ्याने जुळवायचा म्हणजे एकाला 250 वाटेल, दुसऱ्याला 500. रंग वाचणारं छोटं यंत्र वापरलं, तर ही शेवटची अडचण बरीच कमी होते.

दुसरी, नायट्रेटसाठीच बनवलेला इलेक्ट्रोड. हाही खिशात मावतो, त्यामुळे सुईवाल्या यंत्राशी त्याची गल्लत होते. यात एक खास पडदा असतो, जो इतर आयनांपेक्षा नायट्रेटला जास्त प्रतिसाद देतो. देठ पिळून रसाचा थेंब पडद्यावर टाकायचा आणि आकडा वाचायचा. परदेशात बटाटा, टोमॅटो घेणारे शेतकरी पिकाला नत्र पुरतंय का हे पाहायला तो वापरतात. आपल्याकडच्या द्राक्ष बागायतदारांना देठ परीक्षण नवं नाही. ही त्याचीच झटपट आवृत्ती म्हणा.

इलेक्ट्रोडची खोड अशी, की तो सतत तपासून घ्यावा लागतो. नायट्रेटचं प्रमाण दहापट झालं, तर त्याचा संकेत फक्त 59 मिलिव्होल्टने बदलतो. म्हणजे एका मिलिव्होल्टची चूक झाली तरी उत्तर 4 टक्क्यांनी चुकतं. म्हणून वापरण्यापूर्वी माहीत असलेल्या प्रमाणाच्या द्रावणांवर तो जुळवून घ्यायचा असतो. रसात क्लोराइड फार असेल, तर तेही थोडं नायट्रेटच्या नावावर जमा होतं. सुईवाल्या यंत्राच्या रीलमध्ये अशा द्रावणाची बाटली कधी दिसली आहे का?

यंत्र उत्तम असलं तरी आकडा चुकू शकतो का?

हो, आणि बऱ्याचदा तिथेच चुकतो. देठ आणि पात्यातला फरक वर सांगितला. एका प्रयोगशाळेने पालक देठासकट वाटला आणि दुसरीने देठ खुडून, तर दोन्हींची यंत्रं अचूक असूनही उत्तरं वेगळी येतील. सकाळी काढलेली जुडी आणि दिवसभर ऊन खाऊन संध्याकाळी काढलेली जुडी यांतही फरक पडतो. म्हणून नियमानुसार नमुना घेताना एका जुडीवर भागत नाही. एकाच मालातल्या अनेक जुड्या घेऊन, एकत्र वाटून, त्यातून नमुना काढतात. एका काकडीत एका जागी खुपसलेली सुई त्या जागेपलीकडे काही सांगू शकत नाही.

वाटलेली भाजी उबदार जागी तशीच ठेवली, तर जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करू लागतात आणि नायट्रेटचा आकडा खाली येतो. म्हणून प्रयोगशाळा नमुना थंड ठेवतात किंवा गोठवतात.

आणि एककाचा सापळा. काही अहवाल 'नायट्रेट' देतात, काही 'नायट्रेट-नत्र', म्हणजे नायट्रेटमधल्या फक्त नत्राचं वजन. दोन्हींत 4.43 पटींचा फरक आहे. शेतीविषयक अहवालांत नायट्रेट-नत्र सर्रास असतं, अन्नसुरक्षेच्या मर्यादा मात्र बहुतेकदा नायट्रेटमध्ये असतात. 1,000 मिलिग्रॅम नायट्रेट-नत्र म्हणजे सुमारे 4,430 मिलिग्रॅम नायट्रेट. हे न बघता दोन आकडे शेजारी ठेवले, की एक भाजी विनाकारण निर्दोष ठरते किंवा विनाकारण विषारी.

लाल दिवा कोणत्या मर्यादेवर लागतो?

सगळ्या भाज्यांना लागू होईल अशी जागतिक मर्यादा नाही. युरोपीय संघाने ताज्या भाज्यांपैकी मोजक्याच पालेभाज्यांना मर्यादा घातल्या आहेत. ताज्या पालकाला किलोला 3,500 मिलिग्रॅम. लेट्यूसला हंगाम आणि लागवडीनुसार साधारण 3,000 ते 5,000, त्यातल्या आइसबर्गला 2,000 ते 2,500. रुकोलाला 6,000 ते 7,000. काकडी, टोमॅटो, कलिंगड यांचा त्या यादीत समावेशच नाही. रशियाची परंपरा वेगळी. सोव्हिएत काळापासून तिथे जवळजवळ प्रत्येक भाजीला आकडा ठरलेला आहे, कलिंगडाला तर किलोला फक्त 60. त्यामुळे एकच कलिंगड एका तक्त्याप्रमाणे 'धोकादायक' आणि दुसऱ्या तक्त्यात त्याचा उल्लेखही नाही, असं होऊ शकतं. यंत्रात कोणत्या देशाचा तक्ता भरला आहे, हे रीलमध्ये कुणी सांगत नाही.

मग भाजीतल्या नायट्रेटला घाबरायचं की नाही?

युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनुसार, दररोज आयुष्यभर घेतलं तरी चालेल असं नायट्रेटचं प्रमाण शरीराच्या दर किलो वजनामागे 3.7 मिलिग्रॅम आहे. 60 किलोच्या माणसाला दिवसाला 222. किलोला 2,500 मिलिग्रॅम नायट्रेट असलेला पालक 100 ग्रॅम खाल्ला, तरी ही रेषा ओलांडली जाते. ऐकायला भीतिदायक वाटतं. पण त्याच यंत्रणेने 2008 मध्ये हा सगळा हिशेब मांडून निष्कर्ष काढला, की भाज्या खाण्याचे फायदे नायट्रेटच्या संभाव्य धोक्यापेक्षा जास्त आहेत. पालेभाजी उकळून पाणी टाकलं, तर नायट्रेट बऱ्यापैकी कमीही होतं. कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने नायट्रेटला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं आहे, हेही खरं. मात्र शरीरात त्यापासून नायट्रोसो संयुगं तयार होतील अशा परिस्थितीत, ही अट त्या वाक्यातच आहे. ती अट फॉरवर्डमध्ये गळून पडते. भाजीत असणारं क जीवनसत्त्व ही संयुगं बनण्यात अडथळा आणतं.

तान्ह्या बाळांची गोष्ट मात्र वेगळी. नायट्रेटपासून बनलेलं नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवतं आणि लहान बाळ निळसर पडतं. पालकाची प्युरी करून तासन् तास बाहेर ठेवणं आणि मग बाळाला भरवणं, यात खरा धोका आहे. 'पालक पुन्हा गरम करू नका' हा मेसेज याच गोष्टीचं बिघडलेलं रूप आहे. गरम करण्याने नायट्राइट बनत नाही, ते बाहेर ठेवण्याने बनतं.

'निळ्या बाळा'चं प्रकरण पहिल्यांदा नोंदवलं गेलं ते 1945 मध्ये, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात. तिथे दोष विहिरीच्या पाण्याचा होता. आपल्याकडेही काळजीची जागा तीच आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात देशभरातल्या सुमारे 20 टक्के भूजल नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त आढळलं. महाराष्ट्रात हे प्रमाण 35 टक्क्यांच्या वर आहे. वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव हे जिल्हे देशातल्या सर्वाधिक प्रभावित 15 जिल्ह्यांमध्ये आहेत. या पाण्यात दूध पावडर कालवून बाळाला पाजणाऱ्या घराला भाजीत सुई खुपसून काहीच कळणार नाही.

आणि नेमकं इथेच स्वस्त पट्टी चांगलं काम करते. पाण्याला स्वतःचा रंग नसतो, ते पातळ करावं लागत नाही आणि भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची लिटरला 45 मिलिग्रॅमची मर्यादा पट्टीच्या तक्त्यात आरामात बसते. फक्त तक्ता नायट्रेटचा आहे की नायट्रेट-नत्राचा, हे डबीवर वाचा. नायट्रेट-नत्राचा असेल, तर तीच मर्यादा सुमारे 10 होते. रंग मर्यादेच्या जवळ किंवा वर दिसला, तर त्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या आणि तोवर बाळासाठी दुसरं पाणी वापरा. ते पाणी उकळून काम भागणार नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं. तुरटी, क्लोरीन किंवा अतिनील दिव्याचा फिल्टरही ते काढत नाही. आरओ काढतं.